अस्थिलोपाच्या ऊतकचित्राचे वाचन : गोरहॅम-स्टाउट निबंधाचे पुनर्मूल्यन

एखादी अस्थी अर्बुदाने पोखरली जावी, जंतुसंसर्गाने कुजावी किंवा चयापचयातील बिघाडाने विरळ व्हावी, हे विकृतिविज्ञानाला परिचित आहे. परंतु यांपैकी कोणतेही कारण नसताना ती क्रमाक्रमाने नाहीशी व्हावी आणि तिच्या जागी केवळ पातळ भित्तींच्या वाहिन्या व तंतुमय ऊतक उरावे, ही घटना अत्यंत विरळ होय. भुजास्थी अशा रीतीने लोप पावलेल्या एका रुग्णाचे वर्णन बॉस्टन येथील जॅक्सन यांनी १८३८ साली केले होते. तथापि या विकाराला स्वतंत्र रोगाचे स्थान लाभले ते गोरहॅम व स्टाउट यांच्या १९५५ सालच्या निबंधामुळे. विखुरलेल्या २४ रुग्णांची माहिती एकत्र करून त्यांच्या ऊतकचित्रातील साम्य त्यांनी दाखविले. निबंधाची ही कामगिरी निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो त्यातील निष्कर्षांचा.

हे निष्कर्ष दोन. अस्थीत वाढलेल्या वाहिन्या मुख्यतः रक्तवाहिन्या आहेत, हा पहिला. अस्थिशोषणासाठी अस्थिभंजक कोशिकांची, म्हणजे अस्थी विरघळविणाऱ्या बहुकेंद्रकी कोशिकांची, आवश्यकता नाही. वाढलेला रक्तपुरवठा, स्थानिक आम्लतेतील बदल आणि यांत्रिक ताण एवढ्याने ते घडू शकते, हा दुसरा. पुढील संशोधनाने दोन्ही निष्कर्ष डळमळीत केले. परंतु दोहोंतील दोष एकाच जातीचे नाहीत, आणि हा भेद सहसा दुर्लक्षिला जातो.

पहिला दोष साधनांच्या मर्यादेचा आहे. नेहमीच्या रंजनपद्धतीने रंगविलेल्या छेदात रुंदावलेली लसीकावाहिनी आणि पातळ भित्तीची रक्तवाहिनी यांतील फरक ओळखणे कठीण असते. शिवाय ऊतक काढताना होणाऱ्या रक्तस्रावाने लसीकावाहिनीतही रक्तकोशिका शिरू शकतात. पोडोप्लॅनिन या प्रथिनाला ओळखणारे डी२-४० हे प्रतिपिंड हाती आल्यावरच या वाहिन्यांचा अंतःस्तर बव्हंशी लसीकावाहिन्यांचा असल्याचे स्पष्ट झाले. काही रुग्णांच्या परिफुप्फुस पोकळीत दुधाळ लसीका साठते, ही गोष्ट त्याच दिशेने बोट दाखवीत होती. परंतु तेवढ्यावरून छेदातील वाहिनीची जात ठरविता आली नसती.

दुसरा दोष मात्र अनुमानाचा आहे. छेद म्हणजे दीर्घकाळ चाललेल्या क्रियेतील एका क्षणाचे, आणि तेही एका लहानशा तुकड्याचे, चित्र. जेथे अस्थी संपून तंतुमय ऊतक उरले आहे, तेथे अस्थिभंजक कोशिका न सापडणे स्वाभाविकच होय; शोषून घेण्यासारखे तेथे काही उरलेलेच नसते. तेथील अभावावरून त्या कोशिका कधी नव्हत्याच असे म्हणणे, विझलेल्या चुलीवरून स्वयंपाक झालाच नाही असे म्हणण्यासारखे आहे. १९७७ साली हायडेन व सहकाऱ्यांनी उरलेल्या अस्थीलगतच्या वाहिन्यांभोवती आम्ल फॉस्फटेज या एंझाइमाची तीव्र क्रिया असलेल्या एककेंद्रकी कोशिका दाखविल्या. १९९९ साली म्योलर व सहकाऱ्यांनी सहा रुग्णांच्या ऊतकांत अस्थिभंजक कोशिकांची वाढलेली क्रिया नोंदविली. हिरायामा व सहकाऱ्यांचे २००१ सालचे कार्य अधिक उद्बोधक आहे. रक्तातील पूर्वगामी कोशिकांची संख्या वाढलेली नसून, अस्थिभंजक कोशिका घडविणाऱ्या द्रव्यांना त्या अधिक संवेदनशील असतात, असे त्यांना आढळले. संवेदनशीलता छेदात दिसत नाही. ती प्रयोगानेच कळते.

हा वाद केवळ तात्त्विक नाही. बिस्फॉस्फोनेट औषधे अस्थिभंजक कोशिकांनाच निष्प्रभ करतात. या कोशिकांचा रोगाशी संबंध नसता, तर त्या औषधांच्या वापराला आधार उरला नसता. त्याचप्रमाणे सिरोलिमस देण्यामागे विकृती लसीकावाहिन्यांची आहे ही समजूत आहे. काचपट्टीवरील वाचन येथे सरळ रुग्णाच्या उपचारापर्यंत पोहोचते.

तरीही जुन्या निष्कर्षाच्या जागी नवा निष्कर्ष तितक्याच घाईने बसविणे योग्य ठरणार नाही. २०१८ साली उंदरांच्या अस्थीत व्हीईजीएफ-सी हा वाढघटक अतिरिक्त प्रमाणात निर्माण करविला असता तेथे लसीकावाहिन्या वाढल्या आणि अस्थीही झिजली. परंतु हाच घटक अस्थिभंजक कोशिकांवरही प्रत्यक्ष परिणाम करतो. मग वाहिन्या हे शोषणाचे कारण, की दोन्ही एकाच घटकाची कार्ये? काही रुग्णांच्या ऊतकांत केआरएएस जनुकाचे कायिक उत्परिवर्तन सापडल्याने विकृतीचा उगम अधिक स्पष्ट झाला असला, तरी या प्रश्नाचे पूर्ण उत्तर त्यातून मिळत नाही. सान्निध्यावरून कार्यकारणभाव गृहीत धरणे ही १९५५ चीच चूक नव्या रंजनद्रव्याने पुन्हा करणे होय.

म्हणून या विकारातील जीवोतक परीक्षेच्या अहवालात ऊतक कोठून घेतले, ते सजीव अस्थीच्या कडेचे की तंतुमय झालेल्या मध्यभागाचे, आणि रोगाची कोणती अवस्था चालू होती, हे नमूद असणे अगत्याचे आहे. या तीन गोष्टींवाचून ‘अस्थिभंजक कोशिका आढळल्या नाहीत’ या वाक्याला निरीक्षणाचे मोल आहे, निष्कर्षाचे नाही.