एक अधिक एक बरोबर एक

क्लॉड शॅनन यांनी १९३७ साली एमआयटीमध्ये रिले आणि स्विचिंग सर्किटांवर एक प्रबंध सादर केला. तो पदव्युत्तर पदवीसाठी होता आणि शॅनन तेव्हा २१ वर्षांचे होते. त्या काळी टेलिफोन एक्स्चेंजमधल्या रिलेंची, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचांची, जोडणी अभियंते बरीचशी अनुभवाने आणि अंदाजाने ठरवत. शॅनन यांच्याजवळ मात्र मिशिगन विद्यापीठात शिकलेले जॉर्ज बूल यांचे तर्काचे बीजगणित होते. बूल यांचा १८५४चा ग्रंथ सत्य-असत्याचा हिशेब मांडतो. त्यात विजेचा विषयच नाही.

प्रबंधाचे खरे सौंदर्य सुरुवातीच्या मोजक्या गृहीतकांत आहे. शॅनन मोजतात तो अडथळा. सर्किट जोडलेले असेल तर अडथळा ०, तुटलेले असेल तर १. एकसर जोडणी म्हणजे बेरीज, समांतर जोडणी म्हणजे गुणाकार. मग १ + १ = १ असे समीकरण येते आणि वाचक थबकतो. पण एकाच तारेत दोन ठिकाणी तुटले काय, एका ठिकाणी तुटले काय, वीज जात नाही ती नाहीच. चमत्कारिक वाटलेले समीकरण म्हणजे तारेचे साधे वर्णन निघते. आज आपण बहुधा उलटा संकेत वापरतो, वीज वाहते तेव्हा १ मानतो. तरी बीजगणित तेच राहते.

पुढे ते एक गुंतागुंतीचे सर्किट घेतात. त्याच्या समीकरणात १३ अक्षरे, म्हणजे १३ संपर्क. शॅनन ते ओळीओळीने सोपे करत नेतात आणि शेवटी ६ उरतात. काम तेच होते, सामान निम्म्याहून कमी लागते, आणि हे सगळे एकही तार न हलवता, कागदावर सिद्ध होते. पूर्वी जे कसबावर सोडलेले होते, ते इथे पडताळता येण्याजोगे होते.

शेवटच्या उदाहरणांत विजेवर चालणारे कुलूप आहे आणि द्विमान संख्यांची बेरीज करणारे सर्किटही आहे. दोन्ही अंक १ असले की हातचा पुढे जातो. हा नियमही जोडण्यांतच बसवलेला. तर्क लिहिता येतो, तसा तो तारांनी बांधताही येतो, हे इथे डोळ्यांना दिसते.

रिले गेले, ट्रान्झिस्टर आले. चिपची रचना आजही याच बीजगणितावर उभी आहे. संगणक आतून समजून घ्यायचा असेल, तर हा प्रबंध कागद-पेन्सिल घेऊन मुळातून वाचावा.