गिनीपिगमधील क-जीवनसत्त्वाचा अभाव : एका जनुकीय अनुमानाची चिकित्सा

क-जीवनसत्त्वाच्या संशोधनात गिनीपिग या प्राण्याला अनन्यसाधारण स्थान आहे. नॉर्वेतील होल्स्ट व फ्रोलिख यांनी १९०७ मध्ये केवळ धान्याच्या आहारावर ठेवलेल्या गिनीपिगमध्ये स्कर्व्ही उत्पन्न झाल्याचे दाखविले. या जीवनसत्त्वाच्या निर्मितीतील अखेरच्या टप्प्यास आवश्यक असणारे गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज हे विकर गिनीपिगमध्ये व मानवातही नसते. निशिकिमी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये गिनीपिगमधील संबंधित जनुकाचे भग्न अवशेष उजेडात आणले. उंदराच्या जनुकाशी तुलना करता त्यातील पहिला व पाचवा एक्झॉन लुप्त झालेला आहे.

इनाई, ओहता व निशिकिमी यांनी २००३ मध्ये मानव व गिनीपिग यांच्या निकामी जनुकांची तुलना केली. अनेक स्थानी दोहोंत सारखेच बदल आढळले. हे योगायोगाने घडणे जवळजवळ अशक्य, म्हणून ती स्थाने उत्परिवर्तनप्रवण असावीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. वरकरणी तो तर्कशुद्ध वाटतो. तथापि त्याच्या मुळाशी एक अनुक्त गृहीतक आहे. उंदराचे जनुक कार्यक्षम आहे, म्हणून ते मूळ रूपातच आहे, हे ते गृहीतक होय.

वास्तविक कार्यक्षम असणे म्हणजे अपरिवर्तित असणे नव्हे. विकराचे कार्य अबाधित ठेवणारे बदल कार्यक्षम जनुकातही साचत राहतात. गिनीपिग व उंदीर हे दोघेही कृंतक. त्यांचे वंश विभक्त झाल्यानंतर उंदराच्या शाखेत एखादा बदल झाला, तर त्या स्थानी मानव व गिनीपिग सारखेच दिसणार. कारण दोघांनीही पूर्वजाचे मूळ अक्षर जपलेले असते. अशा स्थानी बदललेला असतो तो उंदीर. गाय किंवा कुत्रा यांसारख्या अन्य प्राण्याचे जनुक तुलनेत घेतल्यावाचून मूळ कोणते व बदल कोणता, हे ठरविता येत नाही.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. स्वतंत्र वंशांत तेच दोष आपोआप उद्भवतात असे मानले, तर समान दोषांवरून समान पूर्वज ओळखण्याची पद्धतच संशयास्पद ठरते. मानव, चिंपांझी, ओरांगउटान व मकाक यांच्या दहाव्या एक्झॉनमध्ये एकाच जागी एक न्यूक्लिओटाइड गळालेले आहे. हा पुरावा मात्र उंदराशी केलेल्या एकेरी तुलनेवर विसंबून नाही. गिनीपिगमधील ऱ्हास मानवाहून स्वतंत्रपणे व पुष्कळ नंतर घडला, हे अध्यापनात स्पष्ट करणे अगत्याचे आहे. सारांश, संशोधकांचे निरीक्षण मोलाचे आहे. त्यांचे अनुमान मात्र तुलनेसाठी निवडलेल्या मापदंडाइतकेच विश्वसनीय आहे.