वीजदेयकातील वजाबाकी : व्यावसायिक जागेतील शिल्लक वीजक्षमतेच्या रूढ मूल्यमापनाची चिकित्सा

प्रस्तावना :
व्यावसायिक जागेत नवे उपकरण बसवावयाचे झाल्यास, आहे त्या वीजजोडणीवर ते चालेल काय, हा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर बहुधा वीजदेयकावरून दिले जाते. करार मागणीतून कमाल मागणी वजा केली जाते आणि उरलेला आकडा ‘शिल्लक क्षमता’ म्हणून स्वीकारला जातो. ही पद्धत सोपी व बिनखर्चाची आहे, हे तिचे बळ होय. तथापि देयक आकारणीसाठी तयार होते, क्षमतामापनासाठी नव्हे. हे अंतर दुर्लक्षिल्यास काय घडते, याचा विचार अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील शिर्डीच्या संदर्भात करता येतो. इलेक्ट्रिक मोटारींनी येणाऱ्या भाविकांसाठी चार्जर बसवावा काय, हा प्रश्न तेथील लॉजचालकापुढे येणे आता स्वाभाविक आहे.

कालमर्यादेचा दोष :
महाराष्ट्रातील वीजदर आदेशांनुसार कमाल मागणी म्हणजे सलग तीस मिनिटांत घेतलेल्या विजेची दुप्पट होय. म्हणजेच ती अर्ध्या तासाची सरासरी असते. वीज खंडित होऊन परत आल्यावर पंप, वातानुकूलन यंत्रे व गिझर एकदम सुरू होतात. तो काही मिनिटांचा भार या सरासरीत विरून जातो. शिवाय राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२० च्या आदेशात लघुदाब ग्राहकाची देयक मागणी सकाळी ६ ते रात्री १० या वेळेतील कमाल मागणीच्या ६५ टक्के किंवा करार मागणीच्या ४० टक्के, यांपैकी जी जास्त ती, अशी ठरविली होती. शिर्डीतील दिनक्रम मात्र पहाटेच्या काकड आरतीपासून सुरू होतो. त्यापूर्वी स्नानासाठी खोल्याखोल्यांतील गिझर एकाच सुमारास चालू होतात. लॉजचा खरा उच्चांक असा सहा वाजण्यापूर्वीच येऊन गेला, तर त्या मोजणीत तो दिसणारच नाही. देयक मागणीलाच कमाल मागणी समजणाऱ्याची चूक तर याहून मोठी ठरते.

फेजमधील विषमता :
उदाहरणादाखल एक काल्पनिक लॉज घेऊ. त्याची करार मागणी ५० केव्हीए व नोंदलेली कमाल मागणी ३४ केव्हीए आहे. वजाबाकीनुसार १६ केव्हीए शिल्लक राहतात. तेव्हा प्रत्येकी ७.४ किलोवॉटचे दोन चार्जर सहज बसतील, असा निष्कर्ष निघतो. आता कमाल मागणीच्या वेळी टाँग टेस्टरने मोजलेले प्रवाह आर फेजवर ६८, वाय फेजवर ४१ व बी फेजवर ३३ अँपिअर आहेत असे मानू. ४१५ व्होल्टवर यांची बेरीज ३४ केव्हीएच होते. परंतु ५० केव्हीए म्हणजे दर फेजला सुमारे ७० अँपिअर. म्हणजे आर फेजवर जवळजवळ काहीच शिल्लक नाही. एकफेजी चार्जर सुमारे ३२ अँपिअर घेतो. तो आर फेजवर जोडल्यास प्रवाह १०० अँपिअरवर जाईल, बी फेजवर जोडल्यास ६५ वर राहील. एकूण आकडा तोच असूनही एक जोडणी सुरक्षित व दुसरी घातक ठरते. हा भेद देयकात कोठेही दिसत नाही.

तुलना :
अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेतील पद्धत येथे उद्बोधक आहे. तीत वर्षभरातील कमाल मागणीच्या १२५ टक्क्यांत नवा भार मिळवून ती बेरीज सेवाजोडणीच्या क्षमतेत बसते काय, हे पाहिले जाते. वर्षाची नोंद नसल्यास तीस दिवसांचे अखंड मापन करावे लागते. हीच कसोटी वरील लॉजला लावल्यास ३४ चे ४२.५ होतात आणि १६ ऐवजी ७.५ केव्हीए उरतात. म्हणजे दोन नव्हे, जेमतेम एक चार्जर. ही कसोटीही फेजनिहाय मापनाची जागा घेऊ शकत नाही, परंतु मोजलेल्या आकड्यावर सावधगिरीची जोड हवी, हे तत्त्व ग्राह्य आहे.

सामाईक रोहित्राचा प्रश्न :
शिल्लक क्षमता केवळ जागेच्या आतली गोष्ट नाही. लघुदाब जोडण्या रोहित्रावर सामाईक असतात. सर्व ग्राहकांचा उच्चांक एकाच वेळी येत नाही, या गृहीतकावर रोहित्राचे नियोजन चालते. बाजारपेठेत दुकान व पिठाची गिरणी यांच्या वेळा भिन्न असल्याने ते टिकते. शिर्डीत मात्र रामनवमी, गुरुपौर्णिमा व विजयादशमीस शेजारची सर्व लॉज एकाच दिवशी भरतात आणि एकाच पहाटे पाणी तापवितात. तेथे हे गृहीतकच दुबळे होते. एकाने वापरलेली ‘शिल्लक’ प्रत्यक्षात शेजाऱ्याच्या वाट्याची असू शकते.

समारोप :
रूढ वजाबाकी निरुपयोगी नाही. ती प्राथमिक चाळणी होय, निर्णय नव्हे. करार मागणी, सेवा केबल, मुख्य स्विच, फेजचा समतोल व रोहित्र या साखळीतील सर्वांत दुबळी कडी हीच खरी मर्यादा असते. तिचा शोध गर्दीच्या दिवसांत, पहाटेसह चोवीस तास घेतलेल्या फेजनिहाय नोंदीतूनच लागतो. अनेकदा उपायही साधा असतो. गिझर तिन्ही फेजवर विभागणे आणि चार्जर पहाटे बंद राहील अशी वेळ लावणे, एवढ्यानेही करार मागणी वाढविण्याचा खर्च टळू शकतो. याउलट केवळ कागदी शिल्लकीवर विसंबल्यास जादा आकार भरावा लागतो. त्याहून गंभीर म्हणजे तापलेली केबल झोपलेल्या पाहुण्यांच्या भिंतीतून जात असते.