यादीतून खोडलेलं एक कॅबरे

लता मंगेशकरांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९चा, आपल्या इंदूरच्या शीख मोहल्ल्यातला. त्यामुळे सप्टेंबर आला की आपल्याकडे गाण्यांची यादी निघतेच. भजनं, अंगाई, विरहगीतं. मागे अशीच एक यादी माझ्याकडे तपासायला आली होती. कुणीतरी तिच्यात ‘इंतकाम’ (१९६९) मधलं हेलनचं कॅबरे घातलं होतं. मी ते खोडलं. ‘हे आशाबाईंच्या खात्यातलं’ म्हणून मोकळा झालो. परवा ते गाणं पुन्हा नीट ऐकलं, पाहिलं, आणि स्वतःचीच लाज वाटली.

कॅबरे हा मुळात जेवणाच्या टेबलांमधला प्रकार. मधोमध नाचायची जागा, बाजूला बँड, समोर जेवणारं-पिणारं गिऱ्हाईक. कोलकात्याच्या फिर्पोमध्ये मिस शेफाली नाचत त्या असल्याच जागेत. पुढे सत्यजित राय यांनी ‘प्रतिद्वंद्वी’ (१९७०) आणि ‘सीमाबद्ध’ (१९७१) मध्ये त्यांना घेतलं. तिथे नाचणारी आणि पाहणारा यांच्यात चार हातांचं अंतर. सिनेमानं ते अंतर वाढवलंच, शिवाय बाईचे दोन भाग केले: अंग एकीचं, आवाज दुसरीचा. मग आवाजांचीही वाटणी झाली. नायिकेला लता, कॅबरेला गीता दत्त नाहीतर आशा. ‘हावडा ब्रिज’ (१९५८) मध्ये हेलनचं नाव झालं ते गीताबाईंच्या आवाजावर. ही वाटणी गळ्याच्या पोतावर झाली असं आपण म्हणतो. मला विचाराल तर ती बरीचशी अब्रूची वाटणी होती, आणि माझ्या पेन्सिलीनं तीच पुढे चालवली.

लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी ‘इंतकाम’मध्ये ती मोडली. (त्याच चित्रपटात साधनाच्या तोंडचं नशेतलं गाणंही लताबाईंचंच आहे.) वाद्यमेळ पक्का क्लबातला, पण लताबाई त्याच्या मागे धावत नाहीत. ‘कारवाँ’ (१९७१) मध्ये आशाबाई श्वाससुद्धा गाण्यात ओढतात, धापच ताल होऊन बसते. लताबाई सूर लांब धरतात आणि बोलावणं त्या लांबीत ठेवतात. ऐकताना वाटतं, ही बाई नाचत नाहीये, वाट पाहतेय. दोन्ही गाणी थोर, पण दुसऱ्या रीतीला आपण ‘लताबाईंना हे जमत नाही’ असं म्हणत आलो, ते चूक.

चित्रीकरणाचं मात्र कौतुक करणार नाही. पिंजऱ्यातला तो काळा रंग फासलेला ‘रानटी’ माणूस आज बघवत नाही, आणि ‘तेव्हाचा काळच तसा’ म्हणून ते सोडूनही देऊ नये.

इंदूरचा आणखी एक धागा यात आहे. सलीम खान आपल्याच गावचे. जावेद अख्तर यांच्याबरोबर लिहिलेल्या त्यांच्या ‘डॉन’ (१९७८) मध्ये हेलनच्या नाचाला कामच दिलेलं आहे: पोलीस येईपर्यंत डॉनला अडकवून ठेवायचं. एरवी कॅबरे आलं की लोक बाहेर जाऊन चहा पिऊन येत आणि गोष्टीत काही चुकत नसे, इथे चुकतं. आवाज तिथे आशाबाईंचा.

यंदाच्या यादीत ते ‘इंतकाम’चं गाणं मी परत लिहिलंय, अंगाईच्या बरोब्बर खाली. कुणाला खोडायचं असेल तर खोडा, पण बाजूला कारण लिहा.