कोयनेचा भूकंप आणि पाण्याचं वजन

मंडळी, कोयनेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "धरणातल्या पाण्याच्या वजनानं भूकंप झाला." इथे कामठ्यातही ते ऐकलं. आज आम्ही हेच वाक्य तपासणार आहोत.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा धक्का बसला, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. धरणाचा त्याच्याशी संबंध आहे, हे आम्हालाही मान्य. आक्षेप आहे तो 'वजन' या शब्दावर. हिशोब करून बघा. शंभर मीटर पाण्याचा दाब साधारण दहा वातावरणांइतका. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचाच दाब तेराशेच्या आसपास. म्हणजे भर पडली एक टक्क्याहूनही कमी! एवढ्यानं भ्रंश सरकला, याचा अर्थ तो आधीच सरकण्याच्या बेतात होता. भेगांमधून झिरपलेल्या पाण्याच्या दाबानं खडकांची एकमेकांवरची पकड किंचित सैल केली, इतकंच.

मग ही पकड असते कशात? भ्रंशाच्या दोन बाजू चिकटलेल्या वाटतात, पण खरा स्पर्श होतो तो फक्त बारीक उंचवट्यांच्या टोकांवर. दाबाखाली ही टोकं हळूहळू पसरतात, म्हणून थांबलेला भ्रंश काळानुसार घट्ट होत जातो. जेम्स डिटरिक यांनी १९७० च्या दशकात हे प्रयोगांतून दाखवलं. सरकणं सुरू झालं की जुने स्पर्श तुटतात, नवे कच्चे असतात. काही खडकांत वेग वाढला की घर्षण कमी होतं आणि सरकणं आवरत नाही, तोच भूकंप. चिकणमातीच्या काही खनिजांत उलट होतं, भ्रंश गुपचूप रेंगाळत सरकतो.

डिटरिक आणि अँडी रुइना यांच्या नावानं ओळखला जाणारा हा घर्षणनियम प्रयोगशाळेत छान जुळतो. पण त्यातले आकडे येतात तळहाताएवढ्या नमुन्यांवरून. तिथे स्पर्श बदलायला मिलिमीटरचा अगदी छोटा अंश पुरतो. किलोमीटरभर लांबीच्या भ्रंशाला किती लागेल, हे नियम सांगत नाही. वर्षानुवर्षं पाण्यानं खनिजं बदलतात, वेगात टोकं क्षणात तापतात, तेही मूळ समीकरणात नाही. आमच्या मते ही त्याची मोठी उणीव.

म्हणून कोयना परिसरात २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल घेतलेलं छिद्र मोलाचं. बेसॉल्टच्या खाली तिथे जुना ग्रॅनाइट-नाइस लागतो. तशाच जातीचा खडक आपल्याकडे आमगाव भागात उघडाच दिसतो. मग आपल्यालाही तोच धोका का? नुसत्या खडकाच्या नावावरून तसं म्हणता येत नाही. भ्रंश, ताण आणि पाणी, तिन्ही बघावं लागतं.

'वजना'ची गोष्ट सोडायला हवी ती याचसाठी. ती ऐकणारा धरण रिकामं झालं की निर्धास्त होतो. पण पाण्याचा दाब खोलवर उशिरा पोचतो, आणि कोयनेचे धक्के आजही थांबलेले नाहीत.