कुंभारकामाच्या विद्यार्थ्याची ग्रंथनिवड : मलकापूरच्या संदर्भात

हस्तव्यवसाय शिकविणाऱ्या ग्रंथाची परीक्षा दोन अंगांनी करावी लागते. ग्रंथ स्वतःच्या जागी किती सरस आहे हे एक अंग, आणि विद्यार्थ्याच्या जागी तो किती उपयोगी पडतो हे दुसरे. कुंभारकामात दुसऱ्या अंगाचे महत्त्व विशेष आहे. कारण या विद्येचे द्रव्य पायाखालचे असते. शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर हे गाव सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, आंबा घाटाच्या वाटेवर वसलेले आहे. डोंगरमाथ्यावर जांभा, सखल भागात भातखाचरे आणि पावसाळ्याचे चार महिने मुसळधार वृष्टी, अशी तेथील परिस्थिती. येथील विद्यार्थ्याच्या हाती कोणते ग्रंथ द्यावेत आणि कोणत्या क्रमाने, हा प्रश्न म्हणूनच केवळ ग्रंथसूचीचा नाही.

बर्नार्ड लीच यांचा ‘अ पॉटर्स बुक’ (१९४०) हा या विषयावरील सर्वांत ख्यातनाम ग्रंथ होय. नम्र, नामनिरपेक्ष कारागिराच्या भांड्यात सौंदर्य पाहण्याची दृष्टी त्याने अनेकांना दिली. तथापि त्यातील मानदंड प्रामुख्याने चीन, कोरिया व जपान येथील उच्च तापमानाच्या झिलईदार भांड्यांवरून घेतलेला आहे. सुमारे १३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापणारी भट्टी त्यात गृहीत धरली आहे. लोहयुक्त लाल माती त्या उष्णतेला सहसा टिकत नाही. ती फुगते, वाकते, वितळूही लागते. म्हणजे ग्रंथाचे तत्त्व मलकापूरच्या बाजूचे, परंतु त्यातील कृती मलकापूरला परक्या, असा विरोध येथे उत्पन्न होतो.

डॅनियल ऱ्होड्स यांचा ‘क्ले अँड ग्लेझेस फॉर द पॉटर’ (१९५७) अधिक पद्धतशीर आहे. माती सुकताना का आकसते, ५७३ अंशांच्या आसपास गारेचे आकारमान एकाएकी बदलल्याने भांडे का तडकते, यांचे ज्ञान कोणत्याही गावच्या विद्यार्थ्यास आवश्यक आहे. मात्र झिलईदार भांड्यांच्या अशा शास्त्रात सच्छिद्रता हा बहुधा दूर करावयाचा दोष ठरतो. आपल्याकडील पाण्याच्या माठाचा तोच गुण होय. पाझरलेले पाणी बाहेरून वाळते म्हणूनच आतले पाणी गार राहते. हा विवेक सांगणारा शिक्षक जवळ नसेल, तर विद्यार्थी माठाला अपक्व कलाकृती समजू लागेल, आणि हे नुकसान एखादे भांडे फुटण्यापेक्षा मोठे आहे.

या दृष्टीने मायकेल कार्ड्यू यांचा ‘पायोनिअर पॉटरी’ (१९६९) अधिक जवळचा वाटतो. पश्चिम आफ्रिकेत, तयार माल सहज न मिळणाऱ्या ठिकाणी काढलेल्या वर्षांचा अनुभव त्यामागे आहे. त्यांचे लक्ष्यही उच्च तापमानाचेच. परंतु त्यांची रीत खडक व माती ओळखण्यापासून सुरू होते. आपल्या गावची माती आपणच पारखावी, हा त्यांचा खरा पाठ होय. मातीच्या पट्टीवर दहा सेंटिमीटरांची रेघ ओढावी, पट्टी सुकवून व भाजून ती रेघ पुन्हा मोजावी. एवढ्या साध्या प्रयोगाने आकसण्याचे प्रमाण कळते. असा प्रयोग ज्या ग्रंथामुळे सुचतो, तो परका राहत नाही.

भारतीय ग्रंथांपैकी वैद्यनाथ सरस्वती व बेहुरा यांचे ‘पॉटरी टेक्निक्स इन पेझंट इंडिया’ (१९६६) हे पुस्तक येथे मोलाचे ठरते. ते पाठ्यपुस्तक नव्हे, मानवशास्त्रीय पाहणी आहे. परंतु कुंभाराच्या पद्धतींना ते शास्त्राचा दर्जा देते. त्याच्या जोडीला सांकलिया व दीक्षित यांचा कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी उत्खननाचा अहवाल (१९५२) ठेवावा. पुरातत्त्वीय रेखाटनात भांड्याचा छेद दिसतो. काठ कोठे वळविला, भिंत कोठे पातळ केली, हे त्यावरून विद्यार्थ्यास उमगते. आपल्याच जिल्ह्यात शतकानुशतके घडलेली भांडी हाही त्याला धडाच आहे.

मराठीची बाजू मात्र उणी आहे. त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात कुंभार भेटतो तो बलुतेदार म्हणून. त्याचे हक्क व कामे कळतात, हाताची कृती कळत नाही. चाकावर घडलेल्या जाड भांड्याच्या आत गोळा धरून बाहेरून थापटण्याने ठोकीत ते वाढविणे, मातीत लीद व राख मिसळण्याचे प्रमाण, आवा रचण्याची रीत, ही विद्या प्रामुख्याने हातातून हातात आलेली आहे. शिकणारा हात थांबला, की तिच्यासह तिचे शब्दही जातील. इंग्रजी ग्रंथांतून शिकलेल्या विद्यार्थ्याला झिलईची सूत्रे येतील, पण शेजारच्या कुंभाराशी बोलण्यास शब्द उरणार नाहीत.

तेव्हा क्रम असा असावा : पहिला हंगाम कुंभाराच्या चाकापाशी, सोबत सरस्वती–बेहुरा आणि ब्रह्मपुरीचा अहवाल, पावसाळ्यात, आवा थंड असताना, ऱ्होड्स व कार्ड्यू, आणि हात स्थिरावल्यावर लीच. शिवाय विद्यार्थ्याने पहिल्या दिवसापासून स्वतःची मराठी टिपणवही ठेवावी. उणा असलेला ग्रंथ कदाचित तिच्यातूनच सिद्ध होईल. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची पारख केल्याची कथा सर्वश्रुत आहे. ग्रंथांची पारखही त्याच थापटण्याने व्हावी, कीर्तीने नव्हे.