रक्तातली ढोलकी?

तमाशाविषयीच्या मराठी लेखनात एक वाक्य वारंवार भेटते : ढोलकी या लोकांच्या रक्तातच असते. लिहिणाऱ्याला ती स्तुती वाटते. मला मात्र या वाक्याची झडती घेणे आवश्यक वाटते.

शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे नाव तमाशाच्या फडांशी जोडलेले आहे, दौंड तालुक्यातल्या चौफुल्याचे संगीत बारीच्या थिएटरांशी. या दोन ठिकाणांमध्ये माझ्या चुलत्यांचे आयुष्य गेले. हलगी मला त्यांनीच शिकवली. उजव्या हातात आखूड, जाड टिपरू. डाव्या हातात बारीक, लांब काडी. आधी उजवा हात एकटा, मग डावा एकटा, मग दोन्ही अगदी संथ. लय वाढली की माझे दोन्ही हात एकदमच पडत. चुलते थांबवत आणि पुन्हा पहिल्यापासून. असे कित्येक महिने गेले.

ही खोड माझ्या एकट्याची नव्हती. केल्सो या संशोधकाने १९८४ मध्ये दाखवले की, एकाच दिशेने हलणारी दोन हातांची दोन बोटे वेग वाढताच आपोआप आरशातल्यासारखी हलू लागतात. माणसाच्या देहाचा हा कल आहे. त्याला जात नाही. तो मोडतो फक्त सराव.

पुढे मी ढोलकीवर बसलो. लयीची जाण सोबत आली, हात आले नाहीत. काडीऐवजी बोटे, आणि डाव्या तळव्याच्या दाबाने काढायचा घुमारा. सारे नव्याने शिकावे लागले. कला रक्तात असती, तर एका वाद्यावरून दुसऱ्यावर जाताना एवढा घाम का गळावा?

बाबासाहेबांनी १९३६ मध्येच सांगितले होते की, जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे आणि माणसाच्या अंगच्या क्षमतेशी तिचा संबंध नाही. 'रक्तातली ढोलकी' म्हणणारी समीक्षा तीच विभागणी सौंदर्याच्या भाषेत परत आणते. आमच्यातल्या अनेकांनी गावकीची सक्तीची हलगी फेकून दिली, ते योग्यच केले. रक्तातली गोष्ट फेकता आली नसती.

म्हणून समीक्षकांना माझे सांगणे एवढेच : ढोलकीवाल्याविषयी लिहाल तेव्हा तो कोणाकडे शिकला, किती वर्षे शिकला आणि रात्रभर वाजवून त्याच्या हाती काय पडले, तेही लिहा. शिकलेली विद्या सोडता येते, कोणालाही देता येते, तिचे दाम मागता येते. रक्ताचे दाम आजवर आम्हाला कोणी दिलेले नाही.